पित्त, पिंजरा आणि ताईत : अस्वलपालनविरोधी मोहिमेच्या साहित्याचे मराठी वाचन

सारांश

पारंपरिक औषधासाठी अस्वलांना पिंजऱ्यात कोंडून त्यांचे पित्त काढण्याचा व्यवसाय १९८० च्या दशकात पूर्व आशियात वाढला. त्याविरुद्धची संघटित मोहीम १९९० च्या दशकात उभी राहिली. प्रस्तुत निबंधात या मोहिमेच्या साहित्याची चिकित्सा केली आहे. या साहित्याने प्राण्याला नाव आणि चेहरा दिला, हे त्याचे मोठे यश होय. मात्र त्या प्राण्यावर पोट भरणारा आणि त्या औषधावर श्रद्धा ठेवणारा असे दोन्ही प्रकारचे माणूस त्यात बहुधा बिनचेहऱ्याचेच राहतात. मराठीतील भटक्या-विमुक्तांच्या साहित्यात याच्या नेमके उलट घडते. ही दोन्ही साहित्ये एकमेकांसमोर ठेवून वाचली, तरच या प्रश्नाचे आकलन पूर्ण होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मोहीम-साहित्य, अस्वलपालन, दरवेशी, ताईत, भटके-विमुक्त, प्रतिनिधी द्रव्य

प्रास्ताविक

अस्वल हा बीडच्या माळरानाचा परिचित प्राणी नव्हे. बालाघाटाच्या विरळ, काटेरी रानात मोर, काळवीट, कोल्हा, लांडगा यांचा वावर आढळतो. अस्वल पाहावयाचे तर विदर्भातील जंगले गाठावी लागतात. तरीही या जिल्ह्यातील जुन्या पिढीने अस्वल पाहिलेले आहे. ते रानात नव्हे, तर गावच्या चावडीसमोर. त्याच्या नाकात वेसण होती, वेसणीची दोरी दरवेशाच्या हातात होती आणि भोवती पोरांचा गराडा होता. भित्र्या मुलाला त्या अस्वलाच्या पाठीवर क्षणभर बसविले की त्याची भीती जाते, आणि अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधला की दृष्ट लागत नाही, असा समज होता. चार आणे, पसाभर धान्य किंवा शिळी भाकरी देऊन आयाबाया तो केस घेत असत.

चीनमधील अस्वलाच्या पित्ताचा प्रश्न मराठी वाचकासमोर येतो, तेव्हा या आठवणीची पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक ठरते. प्राण्याच्या शरीराचा अंश औषध म्हणून वापरणारा समाज म्हणजे कोणी परका समाज, अशी भूमिका घेण्याचा अधिकार आपणांस नाही. किंबहुना याच कारणाने आपण या मोहिमेचे अधिक सजग वाचक होऊ शकतो.

'मोहीम-साहित्य' ही संज्ञा येथे पत्रके, वृत्तांत, माहितीपट, आवाहने आणि सुटका झालेल्या प्राण्यांच्या कहाण्या या सर्वांसाठी वापरली आहे. हे लेखन प्रचारासाठी असते म्हणून ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या लेखनाने कायदे बदलविले, त्याची भाषा तपासणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाचेच काम होय.

मोहिमेची पार्श्वभूमी

अस्वलाच्या पित्ताचा औषधी उल्लेख चीनमध्ये सातव्या शतकातील तांग राजवटीच्या द्रव्यगुणग्रंथापासून आढळतो. ताप, यकृताचे विकार, डोळ्यांचे रोग यांवर ते दिले जाई. पूर्वी त्यासाठी अस्वलाची शिकार करावी लागे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी उत्तर कोरियात जिवंत अस्वलाच्या पित्ताशयातून पित्त काढण्याची पद्धत सुरू झाली आणि ती चीन, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम, लाओस या देशांत पसरली. पोटाला कायमचे छिद्र पाडून किंवा नळी बसवून पित्त काढले जाते. अनेक अस्वले जेमतेम वळता येईल अशा पिंजऱ्यात दहा-वीस वर्षे काढतात. एकट्या चीनमध्ये अशा अस्वलांची संख्या सुमारे दहा हजार असल्याचा अंदाज वारंवार दिला गेला आहे.

जिल रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये दक्षिण चीनमधील अशा एका ठिकाणास भेट दिली आणि १९९८ मध्ये 'ॲनिमल्स एशिया' ही संस्था स्थापन केली. २००० मध्ये या संस्थेने चिनी अधिकाऱ्यांशी ५०० अस्वलांच्या सुटकेचा करार केला आणि चेंगदू येथे पुनर्वसन केंद्र उभारले. व्हिएतनामने २००५ मध्ये पाळीव अस्वलांची नोंदणी केली आणि २०१७ मध्ये हा व्यवसाय पूर्णतः थांबविण्याचा करार केला. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून जानेवारी २०२६ पासून बंदीची तरतूद केली. चीनमध्ये मात्र हा व्यवसाय कायदेशीर राहिला. मार्च २०२० मध्ये तेथील आरोग्य यंत्रणेने कोरोनाच्या गंभीर रुग्णांसाठी सुचविलेल्या उपचारांत अस्वलाच्या पित्ताची भुकटी असलेल्या एका इंजेक्शनचाही समावेश होता.

नाव, चेहरा आणि हात

या मोहीम-साहित्याचे पहिले ठळक वैशिष्ट्य म्हणजे ते संख्येवरून नावाकडे येते. दहा हजार अस्वलांचे दुःख मनात मावत नाही; 'ॲन्ड्र्यू' या एका अस्वलाचे मावते. चेंगदूच्या केंद्रात आलेले हे पहिले अस्वल. त्याचा एक पाय नव्हता. 'जॅस्पर' या दुसऱ्या अस्वलाने अंगाला आवळणाऱ्या पिंजऱ्यात अनेक वर्षे काढली होती आणि सुटकेनंतर ते सोळा वर्षे जगले. या कहाण्यांची रचना जवळजवळ ठरलेली असते: बंदिवास, सुटका, उपचार, गवतावरचे पहिले पाऊल आणि शेवटी शांत मृत्यू. आपल्याकडील चरित्रकथांशी आणि भक्तांच्या आख्यानांशी परिचित असलेल्या वाचकास हा घाट ओळखीचा वाटेल.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे आद्यप्रसंग. १९९३ च्या त्या भेटीत पिंजऱ्यातून एका मादी अस्वलाचा पंजा रॉबिन्सन यांच्या खांद्याला लागला आणि त्यांनी तो हातात घेतला, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. संपूर्ण मोहिमेचे नैतिक बळ या स्पर्शातून येते. येथे प्राणी बोलत नाही, पण मागणे मागतो; आणि माणूस त्या मागण्याचा धनी होतो.

या रचनेचे सामर्थ्य मान्य करूनही एक उणीव नोंदविणे भाग आहे. या कथांत माणसे दोनच प्रकारची असतात: सोडविणारी आणि कोंडणारी. सोडविणाऱ्यांना नावे असतात, कोंडणाऱ्यांना बहुधा नसतात. पिंजऱ्याचा मालक कोण, त्याने कर्ज काढले होते काय, पित्त विकत घेणारी म्हातारी कोणत्या दुखण्याने हैराण होती, हे प्रश्न कथेच्या चौकटीबाहेर राहतात. ज्याला समजून घेतलेले नाही त्याचे मन वळविता येत नाही. म्हणून ही उणीव वाङ्मयीन आहे तशीच व्यावहारिकही आहे.

नळाची उपमा

विरुद्ध बाजूच्या भाषेचीही चिकित्सा झाली पाहिजे. २०१२ मध्ये चीनमधील ग्वेझेनतांग ही पित्त-उत्पादक कंपनी भांडवल बाजारात येऊ पाहत होती, तेव्हा तेथील नागरिकांनीच मोठा विरोध केला. त्या वादात चिनी पारंपरिक औषधांच्या संघटनेच्या प्रमुखांनी असा दावा केला की, पित्त काढणे हे नळ उघडण्याइतके सहज, नैसर्गिक आणि वेदनारहित असते. या विधानावर प्रचंड टीका झाली आणि २०१३ मध्ये कंपनीने बाजारात येण्याचा विचार सोडून दिला.

ही उपमा नीट वाचली म्हणजे या व्यवसायाचे सारे तत्त्वज्ञान तिच्यात सापडते. नळ ही नैसर्गिक गोष्ट नव्हे. नळामागे नळी असते, नळीमागे टाकी असते, टाकीमागे कोठला तरी जलसाठा असतो. उपमा देणाऱ्याला सोय दिसते, साठा दिसत नाही. बीडसारख्या वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यातील वाचकास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. नळाला पाणी आले म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला असे ज्याला वाटते, त्याने टँकरची रांग पाहिलेली नसते. येथे तो 'साठा' म्हणजे दुखणारे, सुजणारे, चावणारे एक शरीर आहे. उपमेने ते शरीर पुसून टाकले. मोहीम-साहित्याने नाव देऊन ते पुन्हा उभे केले. नाव देण्याच्या तंत्राचे खरे समर्थन येथे मिळते: ती भावविवशता नसून पुसून टाकणाऱ्या भाषेला दिलेले उत्तर आहे.

मराठी मनातील अस्वल

मराठी सांस्कृतिक स्मृतीत अस्वलाची निदान तीन रूपे आहेत. पहिले जांबवंताचे. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात राम-लक्ष्मणांसह सारी वानरसेना घायाळ होऊन पडली असता, स्वतः जखमी असलेला जांबवंत हनुमंतास हिमालयातील औषधींच्या पर्वताची वाट सांगतो आणि चार वनस्पतींची नावे देतो. रामकथेतील अस्वल हे औषधाचा कच्चा माल नसून औषधाचे ज्ञान असलेला वडीलधारा आहे. ते आपले पित्त देत नाही, वनस्पतीचा पत्ता देते. अस्वलपालनविरोधी मोहीम भारतीय भाषांतून मांडावयाची झाल्यास यापेक्षा समर्पक प्रतिमा शोधून सापडणार नाही; आणि ती कोठून उसनी आणण्याचीही गरज नाही.

दुसरे रूप भीतीचे. माणसाला गुदगुल्या करून मारणारे अस्वल, मेल्याचे सोंग घेतलेल्या मित्राच्या कानाशी लागणारे गोष्टीतील अस्वल ही या भीतीची सौम्य रूपे होत. तिसरे रूप दरवेशाच्या अस्वलाचे. हे नाचते, सलाम करते, केस देते. या तिसऱ्या रूपात दुःख होतेच. पिल्लू मिळविण्यासाठी रानात मादी मारली जाई, तापलेल्या सळईने नाकाड्यास भोक पाडून दोरी ओवली जाई, सुळे काढले जात. पाहणाऱ्या गावाला हे ठाऊक नव्हते असे नाही. पाहावयाचे नव्हते, इतकेच. पित्ताची कुपी आणि केसाचा ताईत यांत क्रौर्याच्या प्रमाणाचा फरक निश्चितच आहे. मात्र प्राण्याच्या देहातील बळ आपल्या देहात उतरते, ही श्रद्धा दोहोंच्या मुळाशी एकच आहे.

भटक्यांच्या साहित्यातील प्राणी

आता दुसरी बाजू पाहू. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) हे आत्मकथन कैकाडी समाजाचे भटके जीवन उभे करते. त्यात गाढव हे बिऱ्हाडाचे चालते घर आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माकडीचा माळ' या कादंबरीत भटक्या जमातींच्या तळावर माणसे आणि प्राणी एकाच उपासमारीत वाटेकरी असतात. या साहित्याने प्रथमच भटक्या माणसाला नाव, चेहरा आणि आवाज दिला. त्यातील प्राण्याकडे पाहण्याची दृष्टी कोरडी नाही. परंतु प्राणी तेथे मुख्यतः पोटाचे साधन म्हणून येतो. त्याच्या वेदनेचा स्वतंत्र विचार करण्याइतकी उसंत त्या जगण्यात नाही, आणि ती नाही याबद्दल लेखकाला दोष देता येणार नाही.

व्यंकटेश माडगूळकर यांची 'सत्तांतर' (१९८२) ही कादंबरी तिसरा मार्ग दाखविते. त्यात वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष प्राण्यांच्याच पातळीवर मांडला आहे. प्राणी तेथे माणसाचे साधन नाही आणि माणसाच्या दयेचा विषयही नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनाचे महत्त्व आणखी वेगळे. रानाविषयीचे मराठी शब्द त्यांनी रानात राहणाऱ्या माणसांकडून मिळविले आणि त्या ज्ञानाचे ऋण मान्य केले. मोहीम-साहित्याला ज्या गोष्टीची वाण आहे ती हीच: प्राण्याजवळ राहणाऱ्या माणसाकडेही काही ज्ञान आहे, ही जाणीव.

नाचणाऱ्या अस्वलांचा धडा

हे केवळ वाङ्मयीन मत नाही, याचा पुरावा भारतातच मिळतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांना खेळासाठी शिकविणे व त्यांचे खेळ दाखविणे यांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तथापि कायदा झाला म्हणून रस्त्यावरची अस्वले नाहीशी झाली नव्हती. 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने २००२ पासून आग्र्याजवळील केंद्रात अस्वले आणण्यास प्रारंभ केला, तेव्हा अस्वल सोपविणाऱ्या कलंदर कुटुंबास दुसऱ्या व्यवसायासाठी भांडवल, मुलांना शिक्षण आणि काहींना केंद्रातच काम, अशी जोड दिली. २००९ मध्ये या परंपरेतील शेवटचे अस्वल सुपूर्द झाल्याचे संस्थेने जाहीर केले. तोपर्यंत सहाशेहून अधिक अस्वलांची सुटका झाली होती. व्हिएतनाममध्ये २००५ नंतर अस्वले नोंदणी करून मालकांकडेच ठेवली गेली, आणि पित्त काढण्यास मनाई असूनही ते वर्षानुवर्षे निघत राहिले. मालकाच्या पोटाचा प्रश्न सोडून केवळ मनाई केली तर काय होते, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेश्यांच्या जोडीला 'वाघवाले' व 'अस्वलवाले' ही नावे आढळतात. वाघ गेला, अस्वल गेले, जातीच्या दाखल्यावर मात्र ते उरले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये भटक्या-विमुक्तांविषयीचा अहवाल दिला. प्राण्यांवर जगणाऱ्या जमातींची उपजीविका वन्यजीवविषयक कायद्यांमुळे गेली, ही बाब तेव्हापासून चर्चेत आहे. अस्वलाची सुटका झाली ही आनंदाची गोष्ट आहे. अस्वलवाल्याच्या सुटकेची कथा मराठीत अद्याप कोणी सविस्तर लिहिलेली दिसत नाही.

परंपरा आणि पर्याय

मोहीम-साहित्यातील आणखी एक गृहीतक तपासले पाहिजे. ते म्हणजे 'परंपरा विरुद्ध विज्ञान' ही मांडणी. अस्वलाच्या पित्तातील प्रमुख द्रव्य, अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, जपानमध्ये १९२७ मध्ये वेगळे केले गेले आणि १९५० च्या दशकात ते प्रयोगशाळेत तयार झाले. यकृताच्या काही विकारांवर व पित्तखड्यांवर ते आज भारतातही डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जाते. म्हणजे अस्वलाच्या पित्तात औषधी गुण मुळीच नाही असे म्हणणे खरे नाही. त्यासाठी अस्वल लागत नाही, हे खरे आहे. मोहिमेच्या काही पत्रकांत पहिले विधान घाईने केले जाते आणि वैद्याच्या विश्वासाला नाहक धक्का बसतो. दुसरे असे की, हे औषध मोठ्या प्रमाणावर गुरांच्या पित्तापासून बनविले जाते. 'निष्पाप पर्याय' हा शब्दप्रयोग म्हणून जपूनच वापरावा लागतो.

आपल्या परंपरेकडे पाहिले तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील प्राणिज द्रव्यांच्या यादीत पित्त, वसा, नख, केस हे सारे येते. पण त्याच आयुर्वेदात 'प्रतिनिधी द्रव्य' ही संकल्पनाही आहे. एखादे द्रव्य मिळत नसेल तर त्या जागी कोणते घ्यावे, याच्या याद्या भावप्रकाशासारख्या ग्रंथांत दिलेल्या आहेत. 'लताकस्तूरी' या वनस्पतीच्या नावातच कस्तुरीमृगाला दिलेला पर्याय सुचविलेला आहे. परंपरा म्हणजे न बदलणारी शिळा नव्हे. बदलाची सोय तिने स्वतःच करून ठेवलेली असते. व्हिएतनाममधील पारंपरिक वैद्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये अस्वलाच्या पित्ताचा वापर २०२० पर्यंत थांबविण्याचे मान्य केले, ते याच दिशेचे पाऊल होते. वैद्याला आरोपी न करता सहकारी केल्याने ते शक्य झाले.

बीडच्या संदर्भात

या विषयावर बोलताना बीड जिल्ह्यात एक आक्षेप हमखास येतो: येथे माणसांचेच हाल संपत नाहीत, तेथे परदेशातील अस्वलांची चिंता कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये याच जिल्ह्यातून राज्यभर पोचला आणि शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. स्त्रीचे दुःख आणि अस्वलाचे दुःख यांची तुलना करणे गैर ठरेल. परंतु जिवंत शरीराकडे केवळ उत्पादनाच्या सोयीने पाहिले की काय होते, हे या जिल्ह्याने माणसांच्या बाबतीत अनुभवले आहे. ज्याने ते अनुभवले, त्याला 'नळ' या शब्दातील निर्दयता सर्वांत आधी कळावयास हवी. करुणा ही शिधापत्रिकेवरील धान्यासारखी मोजून वाटावयाची वस्तू नव्हे. एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही.

शिवाय हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. घोरपडीचे तेल, सांड्याचे तेल, मांडुळाविषयीच्या धनप्राप्तीच्या व औषधाच्या भाकडकथा महाराष्ट्रात आजही ऐकू येतात. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या परिसराला १९९४ मध्ये मयूर अभयारण्याचा दर्जा मिळाला. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना कायद्यात सूट आहे आणि मयूरपिच्छाची मषी आयुर्वेदात उचकीवर सांगितली आहे. गळालेले पीस आणि उपटलेले पीस यांतील अंतर विद्यार्थ्यांस शिकविणे, हेच अस्वलाच्या पित्ताचा प्रश्न येथे शिकविण्याचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. जिल्ह्याच्या सीमेलगत मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेस वैदूंसह अनेक भटक्या जमाती एकत्र येतात. वनौषधींचे ज्ञान असलेल्या या माणसांशी आपल्या महाविद्यालयांचा संवाद किती, हाही प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे.

निष्कर्ष

१. अस्वलपालनविरोधी मोहीम-साहित्याचे सामर्थ्य प्राण्यास नाव व चेहरा देण्यात आहे. शरीर पुसून टाकणाऱ्या व्यापारी भाषेला दिलेले ते योग्य उत्तर आहे.

२. पाळणाऱ्या व औषध घेणाऱ्या माणसास तेवढाच चेहरा न दिल्याने हे साहित्य अपुरे राहते. मराठीतील भटक्या-विमुक्तांचे साहित्य या उणिवेवर प्रकाश टाकते, आणि त्या साहित्यात मागे राहिलेली प्राण्याची वेदना मोहीम-साहित्य पुढे आणते.

३. भारतातील नाचणाऱ्या अस्वलांच्या सुटकेचा अनुभव असे दाखवितो की, प्राण्याची दोरी सोडताना दोरी धरणाऱ्या हाताला दुसरे काम द्यावे लागते.

४. परंपरेशी भांडण न करता तिच्यातील पर्यायाचे तत्त्व पुढे आणणे अधिक परिणामकारक ठरते.

ताईत गळ्यात बांधणाऱ्या आईला मुलाची भीती घालवायची होती. तिची ती काळजी खरी होती. अस्वलाची वेदनाही खरी होती. या दोन सत्यांपैकी एकच सांगणारे लेखन कितीही परिणामकारक असले तरी अर्धेच राहील. उरलेले अर्धे लिहिण्याची सामग्री आपल्या भाषेत आणि आपल्या परिसरात आहे. ते काम साहित्याच्या अभ्यासकांनी अंगावर घेतले पाहिजे.